पिल्लाचे दात आणि आपली चप्पल

भाद्रपदात गावच्या कुत्र्यांनी जो गोंधळ घातला त्याची फळे कार्तिकात दिसू लागतात. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे हा अंक तुमच्या हाती पडून फराळाचे डबे अर्धे रिकामे होतील आणि तुळशीचे लग्न लागेल, त्या सुमारास आमच्या गोरेगावात कडब्याच्या गंजीआड, पडक्या ओसरीखाली, कोणाच्या तरी मोडक्या बैलगाडीच्या सावलीत पाच-पाच, सहा-सहा पिल्ले डोळे मिटून चुंचुं करीत पडलेली असतील. तुमच्या गावातही असतील. त्यांतले एखादे तुमच्या घरी येईल. महिन्या-दोन महिन्यांनी ते तुमच्या लेकराच्या बोटाला दात लावील, लेकरू रडेल, आणि घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस मोठ्या अधिकाराने सांगेल, "एक चप्पल ठेवून दे त्याला. पुन्हा नाव काढणार नाही."

हा लेख त्या चपलेविरुद्ध आहे.

सणासुदीच्या अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. प्रेमकथा लिहावी, प्रवासवर्णन लिहावे, गेला बाजार एखादा विनोदी लेख तरी लिहावा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने कुत्र्याच्या पिल्लावर शाई का खर्च करावी? माझे उत्तर सरळ आहे. कादंबरी मी रात्री लिहितो. दिवसा मी पोरांना शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि जनावरांच्या डॉक्टरकीतले मला कोणी प्रशस्तिपत्र दिलेले नाही. परंतु मार खाल्लेले पोर नेमके काय शिकते, हे मी वीस वर्षे रोज समोर बसलेले पाहत आहे. आणि पिल्लाचे व पोराचे या बाबतीत इतके जुळते की एकाविषयी बोलताना दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी पिल्लाचे दात म्हणजे काय ते पाहू. कारण ज्याच्या तोंडाला आपण चप्पल मारतो त्या तोंडात काय चालले आहे हे ठाऊक असणे बरे. कार्तिकी पौर्णिमेला जन्मलेले पिल्लू धरा. अमावास्येच्या आसपास त्याचे डोळे उघडतात. चंपाषष्ठीला आपण खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवतो, त्या दिवसांत त्याच्या हिरड्यांतून पहिले दात डोकावतात. हे दुधाचे दात. एकूण २८, आणि सुईसारखे अणकुचीदार. संक्रांतीच्या सुमारास ते दोन महिन्यांचे होते. होळी येईपर्यंत हे दात हलू लागतात, पडू लागतात आणि त्यांच्या जागी पक्के दात येऊ लागतात. वैशाख-ज्येष्ठापर्यंत सगळे ४२ दात आलेले असतात. होळीपासून वटपौर्णिमेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या हिरड्या शिवशिवत असतात, सुजतात, कधी रक्त येते. ज्या घरात सहा-सात महिन्यांचे लेकरू पाळण्यात आहे त्या घरातल्या आईला हे निराळे सांगायला नको. तिचे लेकरूही लाळ गाळते, किरकिरते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. मग ते खुळखुळा असो, पदर असो, नाहीतर आजोबांचे नाक असो. त्या लेकराने बोट चावले तर आपण म्हणतो, "दात येताहेत गं बाईला!" आणि शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवतो. पिल्लाने चावले की चप्पल.

बरे, ते चावते ते केवळ हिरड्या शिवशिवतात म्हणून नव्हे. पिल्लाला हात नाहीत. जग चाचपून पाहायचे तर ते तोंडानेच पाहणार. खेळायचे तर तोंडानेच, भावंडांशी कुस्ती करायची तर तोंडानेच. याच कुस्तीत निसर्गाने त्याची शाळा भरवली आहे. एक पिल्लू दुसऱ्याचा कान जोरात धरते. दुसरे केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. पहिले एकटे पडते. असे दहा वेळा झाले, शंभर वेळा झाले, की त्याला उमगते: इतक्या जोराने धरले की खेळ मोडतो, त्याहून हळू धरले तर चालतो. आईचेही तसेच. पिऊ देते, अंगावर चढू देते. दात फार रुतला की गुरकावते, नाहीतर सरळ उठून चालू लागते. दुधाचे दात इतके टोकदार आणि जबडा मात्र कच्चा, यातही मोठी योजना दिसते. दुखते लगेच, इजा फारशी होत नाही. आपल्या दातांचा जोर आवरायचे शिक्षण हे असे जबड्यात खरा जोर येण्याच्या आधी पुरे व्हायचे असते.

हिवाळ्यात आमच्या भागात धनगर मेंढ्या घेऊन येतात आणि शेतकरी रानात त्यांचे कळप बसवून घेतात. एका म्हाताऱ्या धनगराच्या वाड्यावर मी बसलो होतो. दीड महिन्याची दोन पिल्ले आईशी झोंबत होती, मध्येच एखाद्या कोकराच्या शेपटीमागे लागत होती. कोकराच्या आईने शिंग उगारले की माघारी पळत होती. मी विचारले, "बाबा, ही पिल्लं कोकरांना चावत नाहीत का? यांना तुम्ही काय शिकवता?" म्हातारा हसला. "मास्तर, आपुन काय शिकिवनार? माय दात दावती, लावत न्हाई. पिल्लू त्येच शिकतंय. आपुन मधी हात घातला की समदं इस्कटतंय." म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हते. परंतु अमेरिकेत बार हार्बर नावाच्या गावी जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे शेकडो पिल्ले वाढवून त्यांच्या स्वभावाचा अभ्यास केला आणि १९६५ साली मोठा ग्रंथ काढला. त्यांनीही हेच सांगितले, की तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या स्वभावाच्या घडणीचा काळ. आपल्या सरकारलाही हे पटले असावे, कारण २०१७ साली कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी जे नियम झाले त्यांत आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास बंदी आहे.

पण आमची गावची पिल्ले विकत कोण घेतो? ती उचलून आणायची असतात. डोळे उघडून चार दिवस झाले नाहीत तोच पोरांची वाटणी झालेली असते: काळे माझे, पांढऱ्या पायाचे तुझे. वीस-पंचवीस दिवसांचे पिल्लू सुतळीने बांधून घरी आणतात. घरची मोठी माणसेही भर घालतात. म्हणे लहान आणले की लळा लागतो! ज्या दिवसांत त्या पिल्लाने भावंडांच्या कानावर धडे गिरवायचे, त्या दिवसांत ते आमच्या अंगणातल्या खांबाला बांधलेले असते. त्याची शाळा आम्हीच बंद पाडली. आणि मग त्याला धडा येत नाही म्हणून शिक्षाही आम्हीच करायची! असा न्याय मी फक्त आमच्या शिक्षण खात्यात पाहिला आहे. पण तो विषय निराळा.

आता चपलेच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकू. पहिला युक्तिवाद असा, की मारले की पिल्लू चावायचे थांबते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. खरे आहे. थांबते. पण कोणाला चावायचे थांबते? ज्याच्या हातात चप्पल आहे त्याला. घरच्या धन्याला ते पुन्हा दात लावीत नाही. त्याच्या पावलांची चाहूल लागली की शेपूट पायांत घालते. धन्याला वाटते, शहाणे झाले. पण घरातल्या चार वर्षांच्या नातीच्या हातात चप्पल नसते. तिचा हात आला की त्याला एवढेच आठवते, की माणसाचा हात वरून खाली येतो तेव्हा दुखते. त्यातून मारकुटा धनी पिल्लाला गुरगुरल्याबद्दलही मारतो. "माझ्यावर गुरगुरतोस?" गुरगुरणे म्हणजे कुत्र्याची नोटीस असते. 'पुढे येऊ नका, मला भय वाटते' असे ते आपल्या भाषेत कळवीत असते. ती नोटीसच ज्याने मारून बंद केली, त्याच्या कुत्र्याविषयी पुढे गावात बोलले जाते: "काही नाही हो, बसल्या जागेवरून एकदम धरलं!" एकदम नव्हे महाराज. नोटिसा त्याने पुष्कळ दिल्या होत्या. त्या घेणाऱ्याने त्यालाच बडवले.

दुसरा युक्तिवाद शेतकऱ्यांचा आहे आणि त्यात मला थोडे तथ्य वाटते, म्हणून त्याला हसणार नाही. ते म्हणतात, "गुरुजी, आम्हाला मांडीवर बसवायचे कुत्रे नको, राखणीचे पाहिजे. तिखट पाहिजे." म्हणून पिल्लाला मुद्दाम डिवचायचे, भाकरी दाखवून हिसकवायची, अंगावर पोते टाकून चिडवायचे, कोणी कोणी तर कान कापतात, कान कापला की कुत्रे तिखट होते म्हणून. सोयाबीनच्या गंजीला आणि हळदीच्या ढिगाला राखण लागते हे मला मान्य आहे. परंतु राखणीच्या कुत्र्याचे काम भुंकणे हे आहे. चोर भुंकण्याने पळतो. चावते कोणाला? दूधवाल्याला, पोस्टमनला, पाहुण्याच्या लेकराला. ज्या धनगराच्या कुत्र्याला रात्री लांडग्याशी गाठ आहे तो आपले कुत्रे डिवचून तिखट करीत नाही, कारण त्याच कुत्र्याला दिवसा कोकरांत झोपायचे असते. लांडगा कोण आणि कोकरू कोण हे ज्याला कळते ते राखणीचे कुत्रे. डिवचलेल्या कुत्र्याला सगळे जग लांडगाच दिसते.

तिसरा पक्ष शिकलेल्यांचा. ते चप्पल मारीत नाहीत. वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर मारतात, जबडा मुठीत आवळून धरतात, ओठ त्याच्याच दातांखाली दाबतात, हाताला तिखट चोळून तो पिल्लापुढे करतात. चप्पल गावंढळ आणि सुरळी सुसंस्कृत, असा त्यांचा समज असावा. पिल्लाला वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्यामुळे हा फरक त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि त्या चपलेचीच एक गंमत सांगतो. घरातली जुनी, फाटकी चप्पल पिल्लाला चघळायला कोण देतो? आपणच. त्याने ती आवडीने चघळली की पोरे टाळ्या पिटतात. पुढे आठ दिवसांनी मामांची बाजारातून आणलेली नवी कोरी चप्पल ते चघळते, तेव्हा त्याच जुन्या चपलेने त्याला झोडपतात. नवे-जुने, पैसे दिलेले-न दिलेले हे त्या जीवाला कसे कळावे? मला विचाराल तर या खटल्यात आरोपी निर्दोष आहे.

मग काय करावे? "मारू नका म्हणायला सोपे, बोट तुमचे नाही," असे आमच्या शेजारीणबाई म्हणतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. उत्तर त्या कडब्याच्या गंजीआडच लिहून ठेवले आहे. भावंड जे करते तेच करावे. दात लागला की 'आई गं' असे एकदाच, खरेखुरे दुखल्यासारखे म्हणावे आणि खेळ तिथेच थांबवावा. हात झटकून ओढू नये. ओढलेला हात म्हणजे पळता उंदीर, पिल्लू त्याच्यामागे लागणारच. काही पिल्ले अशी असतात की ओरडण्याने त्यांना अधिकच चेव येतो. तिथे ओरडूही नये. मुकाट उठावे, पाठ फिरवावी, दाराआड जावे. अर्ध्या मिनिटाने परत यावे. त्याला बोलणी कळत नाहीत, पण 'मी चावलो आणि माणूस गेले' हे फार लवकर कळते, कारण पिल्लाला माणूस हवा असतो. हे घरातल्या प्रत्येकाने केले पाहिजे. आई थांबते, बाबा हाताची बोटे नाचवून मुद्दाम चावून घेतात आणि आजी चप्पल शोधते, अशा घरात बृहस्पतीचे पिल्लू आणले तरी बिघडेल. हात हे खेळणे करायचेच नाही. खेळायला जुन्या धोतराची घट्ट पिळून गाठ मारलेली वळकटी द्यावी. हिरड्या शिवशिवतात त्या दिवसांत तीच ओली करून माठाच्या गारव्याला ठेवावी आणि मग द्यावी. पाहा कशी डोळे मिटून चघळते! मात्र चिंध्या तोडून गिळत नाही ना, यावर लक्ष ठेवावे. शिजवलेले हाड देऊ नये. त्याच्या कपच्या निघतात आणि घशात, आतड्यात रुततात. आणि पिल्लाला झोपू द्यावे. दिवसातले बहुतेक तास ते झोपेचेच असते. घरभरची पोरे सकाळपासून त्याला नाचवतात, संध्याकाळी ते चिडून दिसेल त्याला चावते, आणि मग म्हणतात वळण वाईट. लग्नघरातले जागलेले लेकरू कसे वागते?

पोरांनाही दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पिल्लू पायाशी आले की पोर किंचाळत पळते आणि पिल्लाला वाटते खेळ सुरू झाला. मी वर्गात सांगतो: 'स्टॅच्यू' खेळता ना, तसे उभे राहा. हात काखेत, तोंड बंद. पिल्लू दोनदा हुंगते आणि कंटाळून निघून जाते. पोरांना हे इतके आवडते की ती आता हेडमास्तर आले तरी स्टॅच्यू होतात. जेवणाऱ्या आणि झोपलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, आणि लहान लेकरू व पिल्लू यांना एकटे सोडून कोणी पाणी भरायला जायचे नाही. एवढे पुष्कळ झाले.

या सगळ्याला वेळ लागतो. चपलेला लागत नाही. चपलेच्या लोकप्रियतेचे एवढेच कारण आहे.

आता मी ज्यासाठी एवढा गरम झालो आहे त्या गोष्टीकडे येतो. माझ्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता. तीन दिवस तो डावा हात खिशात घालून बसत होता. लिहायला सांगितले तर उजव्या हाताने लिही, वही मात्र हनुवटीने दाबून धरी. मी जवळ बोलावून हात बाहेर काढायला लावला. अंगठ्याखाली चार बारीक छिद्रे, त्यांवर हळदीचा थर. आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. जखम दिसली की आमचा हात हळदीकडे जातो. विचारले, "काय झालं रे?" बोलेना. बऱ्याच वेळाने पुटपुटला, "पिल्लू चावलं." "घरी सांगितलंस का?" मान हलवली. "का नाही?" तो म्हणाला, "पप्पा मारतेत. आन् पिल्लालाबी मारतेत."

त्या दोन वाक्यांत सगळे आले. घरात चप्पल आहे हे त्याला ठाऊक होते. ती पिल्लावर चालते ते पाहिले होते, आपल्यावर चालते तेही पाहिले होते. म्हणून दोघांनी मिळून गुपित ठेवले. आणि ते पिल्लू आठ दिवसांपूर्वी उकिरड्यावर कोणत्या कुत्र्याशी झोंबले होते, हे त्या दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेले, लस सुरू झाली, आज तो मिशा फुटलेला धडधाकट मुलगा आहे. पण वही हनुवटीने धरल्याचे माझ्या लक्षात आले नसते तर? अशी किती पोरे असतील की ज्यांचा हात कोणी खिशाबाहेर काढायला लावला नाही!

पिसाळण्याचा रोग एकदा अंगात प्रकट झाला, रुग्ण पाण्याला भिऊ लागला, की जवळजवळ हमखास मृत्यू येतो. तो चावल्यानंतर बहुधा दोन-तीन महिन्यांनी प्रकट होतो. कधी आठवड्यात, कधी वर्षानेही. त्याआधी लस टोचली तर माणूस वाचतो. १८८५ सालच्या ६ जुलैला पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचवली आणि तो जगला. तोही मुलगाच होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांत शेकडा ४० मुले १५ वर्षांखालची असतात. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या भीतीच्या गोष्टी आमच्या पिढीने ऐकल्या. ती जुनी लस २००४ साल संपता संपता आपल्या देशात बंद झाली. आता दंडावर चार-पाच वेळा टोचतात, सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. मग अडते कुठे? अडते ते 'पिल्लूच तर आहे' या शहाणपणापाशी, आणि मारापाशी.

पिल्लूसुद्धा पिसाळू शकते. त्याच्या दाताचा ओरखडा दिसायला काट्याच्या ओरखड्यासारखा असतो, म्हणूनच तो अधिक फसवा. त्यावर हळद नको, चुना नको, मिरचीपूड तर मुळीच नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डॉक्टर देतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या. दोन टोचल्या, बरे वाटले, आता सोयाबीन काढायला जाऊ, असे नाही. जखम खोल असेल तर जखमेत भरायचे औषध निराळे असते, तेही विचारून घ्यायचे. आणि पिल्लू तीन महिन्यांचे झाले, म्हणजे आपल्या हिशेबाने माघी पौर्णिमेच्या सुमारास, की त्यालाही लस टोचून आणायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी चुकवायची नाही.

हे सारे व्हायचे तर पोराने घरी येऊन सांगितले पाहिजे की मला चावले. आणि पोर तेव्हाच सांगते, जेव्हा सांगण्याबद्दल मार बसत नाही. शाळेत मुलांना मारणे कायद्याने बंद झाले. २००९ सालचा तो शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आमच्यातल्या काहींना अजून छडीवाचून हात रिकामे वाटतात. त्यांची वाद घालण्याची पद्धत चपलेच्या पक्षासारखीच आहे. तेही म्हणतात, 'मारले की शांत बसतात.' शांत बसतात हे खरे. तो मुलगाही तीन दिवस शांतच बसला होता.

घरी हा कायदा येत नाही. तिथे आपले आपणच कायदेमंडळ.

माझे काही मित्र शहरात राहतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटले, आणि अकरा दिवसांनी तो हुकूम बदलून, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळता बाकीची नसबंदी व लस करून जिथली तिथे सोडा म्हटले. त्यावर या मित्रांनी एकमेकांशी अबोला धरला. एक म्हणतो सगळी मारून टाका, दुसरा म्हणतो सगळी देवाची लेकरे. मी दोघांनाही एकच विचारले, की चावणारे कुत्रे येते कुठून? आईच्या पोटातून तर ते चावरे येत नाही. त्यावर दोघांनीही मला राजकारण कळत नाही असे सांगितले. नसेल कळत. पण गल्लीतल्या ज्या कुत्र्यांनी मुलांना धरलेले मी पाहिले, त्यांतली बरीच कोणाच्या ना कोणाच्या अंगणात लहानपणी खांबाला बांधलेली होती, चावते म्हणून झोडपलेली होती, आणि मग 'वळणच वाईट' म्हणून गावाबाहेर सोडून दिलेली होती. परत आली ती गावच्या डोक्यावर बसायला.

आमच्याच जिल्ह्यात नरसी आहे, नामदेवांची. कुत्रे भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, 'देवा, कोरडी खाऊ नका' म्हणत, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो, डोळे पुसतो. कीर्तन संपल्यावर मंडपाच्या दारात चपलांवर निजलेले पिल्लू असते. त्याला त्याच चपलेने उठवतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना हळदकुंकू वाहतो. नेपाळात आपल्या नरकचतुर्दशीच्याच सुमारास कुत्र्याला टिळा लावून गळ्यात फुलांचा हार घालतात, त्याला गोडधोड खायला देतात. आणि आपल्याकडची काही कार्टी त्याच दिवशी त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधतात. मी नेपाळ्यांसारखे हार घाला म्हणत नाही. तुपाची वाटीही राहू द्या. तूप आता आपल्यालाच परवडत नाही. हातातले पायतान तेवढे खाली ठेवा.

आमच्या गल्लीतली खडी कुत्री या दिवसांत जड झाली आहे. ती कुठे विणार हे पोरांनी हेरून ठेवले आहे आणि न जन्मलेल्या पिल्लांची वाटणीही झाली आहे. पाच दावेदार आहेत, सहावीतल्या एका मुलीने दोन मागितली आहेत. मी त्या सगळ्यांना वर्गात उभे करून अट घातली आहे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत पिल्लू आईपाशीच राहील. रोज जा, जवळ बसा, हात लावू द्यायचा की नाही ते तिच्या आईला ठरवू द्या. ज्याला पिल्लू न्यायचे त्याने घरून एक जुने धोतर किंवा साडीचा तुकडा आणून मला दाखवायचा, आणि पप्पांनी किंवा आजीने वहीत लिहून द्यायचे की चप्पल वापरणार नाही. धोतराचे तुकडे तिघांनी आणले आहेत. सही आतापर्यंत एकाच आजीची आली आहे, तीही अंगठ्याची.